एकेरी लोहमार्ग आणि संगणकाचा गाभा

भालकी, औराद, कमलनगर ह्या भागांतील मराठी शाळांतून शिकलेली मुले अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी बीदरला किंवा कलबुर्गीला जातात. तेथे संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा विषय त्यांच्यापुढे येतो, आणि त्यातील ‘सिंक्रोनायझेशन’ नावाच्या प्रकरणापाशी पुष्कळांचे पाऊल अडते. साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकात ह्या विषयाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, ही अडचण निम्म्याहून अधिक भाषेची आहे. ज्या कल्पनेपाशी विद्यार्थी अडखळतो ती कल्पना ह्या मुलखाला नवखी नाही. १८७४ साली वाडी जंक्शनपासून सिकंदराबादपर्यंत निजामाची रेल्वे धावू लागली. पुढे १९३० च्या आसपास विकाराबादहून बीदर, भालकी, उदगीर असा परळीकडे जाणारा फाटा झाला. ह्या फाट्याचा रूळ एकेरी होता, आणि एकेरी रुळावर दोन दिशांनी गाड्या चालविण्याची जी युक्ती, तीच संगणकाच्या पोटात वापरलेली आहे.

प्रथम अडचण कोणती ते पाहू. संगणकातील सर्व कार्यक्रमांवर देखरेख ठेवणारा, स्मृती व यंत्रसामग्री वाटून देणारा जो मूळ कार्यक्रम, त्याला इंग्रजीत ‘कर्नेल’ म्हणतात. आम्ही त्याला ‘गाभा’ म्हणू. (‘गाभारा’ म्हटले तरी अगदीच वावगे होणार नाही, यंत्राच्या मूर्तीला हात लावण्याचा अधिकार तेथल्याच पुजाऱ्याला असतो.) आजच्या संगणकात एक नव्हे, चार, आठ, कधी शेकड्याने प्रक्रियक असतात, आणि ते सारे एकाच वेळी ह्या गाभ्यात शिरून त्याच नोंदवह्या चाळीत असतात. आता एखाद्या कचेरीतील आवक-नोंदवहीची कल्पना करा. शेवटचा आकडा ४० आहे. एका कारकुनाने तो वाचला, मनात एक मिळविला आणि ४१ लिहिण्यासाठी लेखणी उचलली. तेवढ्यात दुसऱ्यानेही ४० च वाचला. दोघांनीही ४१ लिहिले. अर्ज दोन आले, नोंद एकाने वाढली. कोणी लबाडी केली नाही, कोणाचे गणित चुकले नाही. तरी वही खोटी झाली. ह्या दोषाचे खरे दुष्टपण असे की तो रोज घडत नाही. लाख वेळा काम बिनचूक होते आणि एखाद्या वेळी, दोघांच्या हालचालींचा क्षण नेमका जुळला म्हणजे, बिघडते. तपासायला जावे तो सारे सुरळीत. इंग्रजीत ह्याला ‘रेस’, म्हणजे शर्यत, म्हणतात.

आता भालकीच्या फलाटावर या. भालकी आणि तिच्या पुढचे क्रॉसिंगचे स्टेशन ह्यांच्यामध्ये एकच रूळ आहे असे समजू. दोन्ही टोकांना गाड्या उभ्या आहेत. दोन्ही स्टेशन मास्तरांनी बाहेर डोकावून पाहिले, रूळ मोकळा दिसला, आणि दोघांनीही गाडी सोडली, तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. येथेही कारकुनांचीच गोष्ट घडली. पाहणे आणि घेणे ह्या दोन क्रियांच्या मध्ये फट राहिली, आणि अनर्थ त्या फटीतून शिरला.

रेल्वेने ही फट बुजविली ती गोळ्याने. आपल्या देशातील एकेरी मार्गांवर दीर्घकाळ ‘नील’ ह्या नावाचे बॉल-टोकन यंत्र वापरीत. दोन शेजारी स्टेशनांत अशी दोन यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत व त्यांत पोलादी गोळे साठविलेले असत. पलीकडच्या मास्तराने लाईन क्लिअर दिल्यावाचून अलीकडे गोळा निघत नसे; आणि एक गोळा बाहेर पडला की, तो ह्या किंवा त्या यंत्रात परत टाकीपर्यंत, दोहोंपैकी कोणत्याही टोकाला दुसरा निघणे शक्य नसे. तो गोळा पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधून ड्रायव्हरच्या हाती द्यावयाची. धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे खांद्यावर झेलणारा ड्रायव्हर ज्यांनी पाहिला आहे असे वाचक अजून पुष्कळ असतील. आता बहुतेक ठिकाणी गोळ्याविना चालणारी यंत्रे आली आहेत, पण तत्त्व तेच आहे. रूळ मोकळा आहे की नाही हे पाहणे आणि तो आपल्या ताब्यात घेणे ही येथे एकच, न तुटणारी क्रिया झाली. प्रक्रियकाच्या घडणीतही नेमकी अशीच एक आज्ञा मुद्दाम ठेवलेली असते: स्मृतीतील आकडा वाचणे, तपासणे व बदलणे ही कामे ती एका दमात करते, मध्ये दुसऱ्या कोणाला शिरू देत नाही. गाभ्यातील सारी कुलपे शेवटी ह्या एका आज्ञेवर उभी आहेत.

ही तुलना आम्ही ओढूनताणून आणलेली नाही. १९६० नंतरच्या वर्षांत एड्स्खर डाइक्स्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञाने प्रक्रियांच्या समन्वयासाठी जे साधन योजले, त्याला त्याने ‘सेमाफोर’ असे नाव दिले, आणि हे शब्द आपण रेल्वेच्या सिग्नलांवरून घेतले आहेत असे त्यानेच नमूद केले आहे. सेमाफोर म्हणजे खांबावरचा तो लाकडी किंवा पत्र्याचा हात. मूळ ग्रीक धातूंचा अर्थ ‘खूण वाहणारा’. आपल्याकडे ‘सिग्नल पडला’ म्हणजे वाट मिळाली. डाइक्स्ट्राच्या सेमाफोरवर दोनच क्रिया चालतात, त्यांची नावे ‘पी’ आणि ‘व्ही’. ही अक्षरे इंग्रजी नव्हेत. जाणे आणि मोकळे करणे अशा अर्थाच्या डच शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. त्याने आपल्या मातृभाषेतील अक्षरे कागदावर ठेवली, आणि आज बीदरच्या वर्गातला विद्यार्थीही तीच गिरवितो. ज्या भाषेत कल्पना प्रथम स्वच्छ मांडली जाते तिच्या खुणा तिच्या अंगावर राहतात, एवढे आमच्या शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावे. ‘पी’ म्हणजे गोळा मागणे, मिळेपर्यंत थांबणे. ‘व्ही’ म्हणजे गोळा परत टाकणे. गोळे एकाहून अधिक असले तर तितक्यांनाच प्रवेश: स्टेशनात तीन रूळ असले तर तीन गाड्या, चौथी बाहेरच्या सिग्नलला.

थांबणे म्हणजे कसे थांबणे, हा पुढचा प्रश्न, आणि आमच्या मते प्रकरणातील सर्वांत रोचक भाग हाच. एक रीत अशी की, बाहेरच्या सिग्नलला इंजिन धगधगत ठेवून ड्रायव्हरने खांबावर डोळे लावून बसावे. हात पडला की त्याच क्षणी निघावे. कोळसा जळतो, पण क्षण वाया जात नाही. गाभ्यात ह्याला ‘स्पिनलॉक’ म्हणतात. आम्ही ‘घिरट्यांचे कुलूप’ म्हणू, कारण प्रक्रियक जागच्या जागी घिरट्या घालीत ‘मिळाले का, मिळाले का’ असे विचारीत राहतो. दुसरी रीत म्हणजे गाडी बाजूच्या रुळावर घ्यावी, ड्रायव्हरने निजावे, वाट मोकळी झाली की पॉइंट्समनने उठवावे. तोवर रेल्वेने दुसरी कामे उरकावी. हे ‘म्यूटेक्स’, म्हणजे निजणारे कुलूप. निजविण्यात आणि उठविण्यात वेळ मोडतो, म्हणून थांबणे अगदी थोडे असेल तेथे पहिली रीत, लांबणार असेल तेथे दुसरी. एक निर्बंध मात्र कधीही मोडता कामा नये: घिरट्यांचे कुलूप हाती असताना स्वतः निजावयाचे नाही. गोळा खिशात घालून ड्रायव्हर रुळावरच झोपला तर दोन्ही बाजूंच्या गाड्या धूर सोडीत राहतील.

कुलूप किती मोठ्या भागाला लावावे? विकाराबादपासून परळीपर्यंत सगळ्या मार्गाला मिळून एकच गोळा ठेवला असता तर अपघात कधीच झाला नसता, पण दोनशेहून अधिक किलोमीटरांत एका वेळी एकच गाडी चालली असती. लिनक्सच्या गाभ्याने १९९६ साली अनेक प्रक्रियकांना प्रथम जागा दिली ती अशाच एका मोठ्या कुलपाखाली. ते फोडून त्याचे लहान लहान तुकडे करण्यास वर्षे लागली. शेवटचा अवशेष २०११ साली निघाला.

तुकडे झाले की मात्र कोंडी संभवते. एका गाडीने अलीकडचा टप्पा धरला आहे व तिला पलीकडचा हवा. समोरच्या गाडीने पलीकडचा धरला आहे व तिला अलीकडचा हवा. दोघींपैकी कोणी मागे हटावयास तयार नाही. उपाय साधा आहे: कुलपे नेहमी ठरलेल्या क्रमानेच घ्यावी. आणखी एक अडचण अधिक सूक्ष्म आहे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक पुनःपुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या दुय्यम कामाने एक कुलूप धरले होते. वरच्या दर्जाचे एक महत्त्वाचे काम त्यासाठी खोळंबले होते. आणि मधल्या दर्जाची कामे त्या दुय्यम कामाला पुढेच सरकू देत नव्हती. मालगाडी गोळा घेऊन टप्प्यात अडकली आहे, मागे एक्सप्रेस तिष्ठत आहे, आणि मालगाडीचे इंजिन पॅसेंजरसाठी काढून घेतले जात आहे, असे ते चित्र. तोड अशी काढली की, एक्सप्रेस खोळंबली असेल तोवर मालगाडीलाच एक्सप्रेसचा मान द्यावा. ती दुरुस्ती पृथ्वीवरून पाठविण्यात आली.

रेल्वेची उपमा एका ठिकाणी मात्र अपुरी पडते, आणि विद्यार्थ्यांना तेथे आधीच सावध करणे इष्ट. गाडी आधी भालकीला येते, मग कमलनगरला. हा क्रम उलटत नाही. प्रक्रियक मात्र वेळ वाचविण्यासाठी लिहिलेल्या आज्ञांचा क्रम आतल्या आत बदलतो, त्यामुळे एकाने आधी केलेली नोंद दुसऱ्याला नंतर दिसू शकते. म्हणून कुलूप घेताना व सोडताना प्रक्रियकाला ‘ह्याच्या अलीकडचे पलीकडे नेऊ नकोस’ अशी आज्ञा द्यावी लागते. इंग्रजीत तिला ‘मेमरी बॅरिअर’ म्हणतात. परिभाषा घडविणारे ‘स्मृतिरोधक’ असा काही शब्द सुचवितील; पण त्याने विस्मरणाच्या औषधाची आठवण होते. आमच्या जुन्या वाड्यांच्या दारामागे आडवा घालावयाचा जो दांडा, तो ‘अडसर’, येथे चपखल बसतो.