आकाशाची मोजणी

रात्रीच्या वेळी पळस्प्याच्या फाट्यावर जरा उभे राहा. इथे मुंबईकडून आलेल्या रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक खोपोलीवरून घाट चढून पुण्याला जाते. दुसरी पेणवरून कोकणात आणि पुढे गोव्याला जाते.

एक ट्रक भोंगा वाजवत तुमच्याकडे येतो. भोंग्याचा आवाज चढा, बारीक लागतो. ट्रक तुम्हाला ओलांडून गेला, की तोच आवाज एकदम उतरतो, जाडा होतो. ड्रायव्हरने भोंगा बदलला काय? नाही. आवाजाच्या लाटा असतात. गाडी जवळ येते तेव्हा त्या लाटा दाटतात. गाडी लांब जाते तेव्हा त्या लांबतात. म्हणजे डोळे मिटूनसुद्धा सांगता येते, गाडी येते आहे की जाते आहे.

उजेडाच्याही लाटा असतात. त्या पाहून शास्त्रज्ञांनी ओळखले, की विश्व पसरते आहे. हे त्यांनी कसे ओळखले, ते आपण पाहू.

अंधाऱ्या रात्री आकाशात एक पांढुरका पट्टा दिसतो. ती आपली आकाशगंगा. तिच्यात दहा हजार कोटींहून जास्त तारे आहेत. आपला सूर्य त्यांतलाच एक. अशा ताऱ्यांच्या वस्त्या आकाशात पुष्कळ आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. ताऱ्यांच्या मोठमोठ्या गावांसारख्याच त्या. पण ही गावे फार लांब आहेत. उजेड एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तो एका वर्षात जेवढे अंतर जातो, त्याला एक प्रकाशवर्ष म्हणतात. देवयानी नावाची मोठी दीर्घिका त्यातल्या त्यात शेजारची. तरी ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे!

आता विश्व पसरते म्हणजे काय? पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी मागून आणा. तिच्यावर खडूने चार बोटांच्या अंतराने खुणा करा. मग दोन्ही टोके धरून पट्टी ताणा. शेजारची खूण एक बोट लांब गेली, तर तिच्या पलीकडची दोन बोटे जाते, त्याच्या पलीकडची तीन. जितकी खूण दूर, तितकी ती वेगाने लांब जाते. आणि गंमत अशी, की कुठल्याही खुणेवरून पाहा, हेच दिसते. मधली खास जागा कोणतीच नाही. दीर्घिकांचे तसेच आहे. त्या धावत नाहीत, मधली जागाच ताणली जाते.

त्याच पट्टीवर एक नागमोडी रेघ काढा आणि पट्टी ताणा. रेघेची वळणे लांबतात. दूरवरून येणाऱ्या उजेडाच्या लाटाही वाटेत अशाच लांबतात. लाट लांबली, की उजेड तांबड्या रंगाकडे सरकतो.

तो किती सरकला हे कसे कळते? चुलीच्या जाळात चिमूटभर मीठ टाका. ज्वाला पिवळी होते. प्रत्येक पदार्थाची उजेडात अशी ठरलेली खूण असते. ताऱ्याचा उजेड इंद्रधनुष्यासारखा फाकून पाहिला, की या खुणा ओळखू येतात. दूरच्या दीर्घिकेत त्याच खुणा तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसतात. जितक्या सरकल्या, तितका तिचा लांब जाण्याचा वेग जास्त.

वेग कळला. पण अंतर? तिथे ना साखळी पोहोचते, ना मैलाचे दगड. अंतर मोजायला दिव्याची युक्ती वापरतात. एकाच जातीचे दोन कंदील घ्या. एक जवळ ठेवा, दुसरा दुप्पट अंतरावर. लांबच्या कंदिलाचा उजेड निम्मा नव्हे, पाव भागच पोहोचतो. म्हणून मुळात कंदील किती मोठा हे ठाऊक असले, तर त्याच्या मंदपणावरून अंतर काढता येते. आकाशात काही तारे ठरावीक दिवसांनी मोठे-मंद होतात. हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकन बाईंनी १९१२ साली दाखवले, की ज्या ताऱ्याची ही फेरी लांब, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. झाले! आकाशातले ओळखीचे कंदील सापडले.

हे कंदील वापरून एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवले, की जितकी दीर्घिका दूर, तितकी ती वेगाने लांब जाते. मग हा हिशोब उलटा केला, की विश्वाचे वय निघते. हबल यांच्या मापाने ते सुमारे २०० कोटी वर्षे निघे. पण पृथ्वीच त्याहून म्हातारी आहे! आईपेक्षा लेक मोठी कशी? चूक कंदिलात होती. दोन जातींचे तारे एकच समजले गेले होते. १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी ती चूक दाखवली. पुढेही मापे सुधारत गेली. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे धरतात.

तुम्ही विचाराल, मग पळस्पे आणि पनवेल यांतले अंतरही वाढते काय? नाही. पृथ्वी, सूर्य, दीर्घिका यांना ओढीचे बळ बांधून ठेवते. शेजारची देवयानी तर आपल्याकडेच येते आहे. पसरणे दिसते ते फार लांबच्या अंतरांत.

पळस्प्याहून घाट चढून जाणारी वाट पुण्याला पोहोचते. त्या पुण्यात १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक जयंत नारळीकर. त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरला झाला. इंग्लंडात फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. विश्व पसरते हे दोघांनाही मान्य होते. पण ते एका क्षणी सुरू झाले, हे त्यांना पटले नव्हते. बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेले. १९६५ साली आकाशात सर्व बाजूंनी येणारी जुन्या उष्णतेची खूण सापडली, तेव्हापासून तर फारच. तरी नारळीकर म्हणत राहिले, तपासून पाहा, मग माना. २०२५ साली ते वारले.

तपासणी अजून संपलेली नाही. एका शेताची दोन मोजणीदारांनी मोजणी केली आणि गुंठे जुळले नाहीत, की गावात वाद लागतो. आकाशाचेही तसेच झाले आहे. दर १० लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे वेग किती वाढतो? जुन्या उष्णतेच्या खुणेवरून काढला, तर सेकंदाला २१ किलोमीटरच्या थोडा आत. ताऱ्यांच्या कंदिलांवरून काढला, तर २२ च्या थोडा वर. फरक लहान दिसतो. पण साखळी चुकली, की शेतातच काही वेगळे आहे, हे ठरायचे आहे. म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा मोजतात आणि एकमेकांची मापे तपासतात.

तुम्ही आता वाचायला शिकलात. सातबारा दुसऱ्याने वाचून दाखवला, म्हणून आता तुम्ही अंगठा उठवीत नाही. स्वतः वाचता, मग सही करता. शास्त्रज्ञांची रीतही हीच आहे. सांगणारा केवढाही मोठा असो, आधी मोजून पाहायचे. चूक निघाली, तर ती कबूल करायची आणि पुन्हा मोजायचे.