तापातील आकडी : पहिली पाच मिनिटे घरच्यांच्याच हाती

संध्याकाळपर्यंत हसतखेळत असलेल्या दीड वर्षाच्या मुलाचे अंग रात्री किंचित कोमट लागते. आई औषधाची बाटली आणायला उठते आणि परत येईपर्यंत मूल ताठ झालेले असते. डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, हातपाय एका लयीत झटकले जात असलेले, ओठ निळसर, तोंडाला फेस. हाक मारली तरी प्रतिसाद नाही. मूल हातचे जाते आहे, अशीच त्या क्षणी बहुतेक आईवडिलांची खात्री होते. पालकांच्या अनुभवांवर झालेल्या अभ्यासांतही हीच भीती वारंवार नोंदवली गेली आहे.

वैद्यकशास्त्राचे निदान मात्र बहुतांश वेळा पुष्कळ सौम्य असते. रुग्णालयाच्या कागदावर ‘फेब्राइल सीझर’ असे लिहिले जाते. मराठीत याला तापातील आकडी, तापातले झटके किंवा नुसतेच ‘फिट’ म्हणतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील दर शंभर मुलांपैकी साधारण दोन ते पाच जणांना ती एकदा तरी येते आणि बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास तिचे प्रमाण सर्वाधिक असते. बहुतेक आकड्या एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. म्हणजे रुग्णवाहिका दारात येण्याआधी, शेजारी धावत येण्याआधी, अनेकदा फोन लागण्याआधीच प्रसंग संपलेला असतो. या काही मिनिटांत मुलाजवळ फक्त घरची माणसे असतात. अपाय होतो तो बहुधा त्यांच्या धडपडीतून.

आकडी का येते, याचे पूर्ण उत्तर अद्याप हाती आलेले नाही. लहान मुलाचा मेंदू परिपक्व होत असतो आणि तापाच्या काळात त्यातील चेतापेशी सहज उद्दीपित होतात. एकाच वेळी असंख्य पेशींतून विद्युतसंदेश सुटू लागले की स्नायू आखडतात आणि शुद्ध हरपते. प्रवृत्ती आनुवंशिक असते. आईवडिलांपैकी कोणाला किंवा भावंडाला बालपणी अशी आकडी आली होती का, हे डॉक्टर म्हणूनच विचारतात. ताप बहुधा साध्या विषाणुसंसर्गाचा असतो. पुष्कळदा तर आकडी हेच आजाराचे पहिले लक्षण ठरते, कारण ती तापाच्या पहिल्याच दिवशी येते आणि अंग तापले आहे हे तोवर कोणाच्या ध्यानातही आलेले नसते. ‘वेळेवर औषध दिले असते तर’ ही आईच्या मनाला लागणारी टोचणी त्यामुळे बहुतेक वेळा अकारण असते. त्यात घरातीलच कोणी भर घातली, तर ती अन्यायकारकही असते.

आकडी सुरू होताच मुलाला जमिनीवर किंवा पलंगाच्या मधोमध, टणक वस्तूंपासून दूर, एका कुशीवर वळवावे. कुशीवर वळवल्याने लाळ आणि उलटी बाहेर वाहून जाते आणि श्वासमार्ग मोकळा राहतो. गळ्याजवळचे बटण, टोपी, घट्ट दुपटे सैल करावे. आणि घड्याळ पाहावे. घड्याळाचे हे काम फार महत्त्वाचे आहे, कारण भयभीत माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढे वाटते, तर पुढच्या उपचाराचा निर्णय त्या मिनिटांवरच ठरतो. घरात दुसरे कोणी असल्यास त्याने मोबाइलवर चित्रण करावे. संकटात चित्रण करणे निष्ठुरपणाचे वाटेल. पण झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच, मान कुठे वळली होती, डोळे कसे होते, हे डॉक्टरांना शब्दांतून कधीच नेमके कळत नाही.

जे करू नये, त्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मुठीत लोखंडी किल्ली देणे हे उपाय देशाच्या बहुतेक भागांत आढळतात. प्रांत बदलला की वस्तू बदलते, समजूत तीच राहते. कांद्याने आकडी थांबत नाही. ती आपल्या वेळेने थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. हुंगवण्याने फारसे बिघडत नाही, असे म्हणून ते सोडूनही देता आले असते. पण त्या गडबडीत मूल उताणे राहते आणि लाळ श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो.

दातांमध्ये चमचा किंवा बोट घालणे मात्र निश्चितपणे अपायकारक आहे. जीभ गिळली जाईल, ही भीती निराधार आहे. जीभ तोंडाच्या तळाशी जोडलेली असते आणि गिळता येत नाही. आकडीत ती क्वचित चावली जाते, पण ती जखम भरून येते. जबरदस्तीने घातलेल्या चमच्याने दुधाचे दात तुटतात आणि तुटलेला दात श्वासमार्गात जाऊ शकतो. पाणी, मध किंवा तापाचे पातळ औषध याच वेळी तोंडात ओतणे त्याहून वाईट, कारण बेशुद्ध मुलाला गिळता येत नाही. हातपाय दाबून धरल्याने झटके कमी होत नाहीत. थंड पाण्याच्या टबात बसवण्याने किंवा अंगावर बर्फ चोळण्याने हुडहुडी भरते, आकडी थांबत नाही.

झटके चालू असताना मुलाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये धरून दवाखान्याकडे सुसाट निघणे, हे दृश्य शहरांतही अपवादात्मक नाही. त्यामागची तळमळ समजण्यासारखी आहे, पण त्या स्थितीत मुलाची मान, श्वास आणि लाळ यांकडे कोणाचेच लक्ष राहू शकत नाही. साधी आकडी रस्त्यातच संपते. अपघाताची जोखीम मात्र विनाकारण पत्करलेली असते.

पाच मिनिटे झाली आणि झटके सुरूच असतील, तर चित्र बदलते. एवढा वेळ चाललेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि ती औषधाने थांबवावी लागते. बहुतेक राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक देशभर चालतो. परराज्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांनी स्थानिक क्रमांक आणि रात्री उघडे असणारे जवळचे बालरुग्णालय आधीच माहीत करून घेतलेले बरे. ज्या मुलाला पूर्वी दीर्घ आकडी आली आहे, त्याच्यासाठी डॉक्टर अनेकदा मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा फवारा घरी ठेवायला सांगतात. किती वेळा फवारायचे हे मुलाच्या वजनावरून ठरते, म्हणून ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे लागते. दुसऱ्या मुलासाठी आणलेला फवारा वापरणे धोक्याचे असते.

आकडी थांबल्यानंतर मूल ढिले पडते, गाढ झोपते, जागे झाल्यावर गोंधळलेले किंवा किरकिरे असते. साध्या आकडीनंतर साधारण तासाभरात ते आईला ओळखू लागते, भोवताली पाहते, दूध मागते. झटके किती भयंकर दिसले यापेक्षा या जाग येण्याला अनुभवी बालरोगतज्ज्ञ अधिक महत्त्व देतात. मूल शुद्धीवरच आले नाही, शुद्धीवर येऊन पुन्हा गुंगीत गेले, सतत उलट्या झाल्या, मान ताठ राहिली, टाळू फुगलेली दिसली, अंगावर जांभळट पुरळ उठले किंवा एक हात-पाय लुळा पडला, तर त्याला तापातील साधी आकडी म्हणता येत नाही. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला तापात झटके आले तर ते साधे समजले जातच नाहीत. चोवीस तासांत दुसऱ्यांदा आलेली, पंधरा मिनिटांहून अधिक चाललेली किंवा शरीराच्या एकाच बाजूला आलेली आकडीही ‘जटिल’ या वर्गात मोडते आणि अधिक तपासणी मागते.

भारतात हा फरक ओळखणे विशेष निकडीचे आहे, कारण ताप आणि झटके ही जोडी येथे मेंदूज्वराचीही असू शकते. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावात प्रथम आढळलेला आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू मुख्यतः वालुमक्षिकांमार्फत पसरतो आणि प्रामुख्याने लहान मुलांना गाठतो. २०२४ च्या पावसाळ्यात, मुख्यतः गुजरातमध्ये, मेंदूज्वरसदृश आजाराची लाट आली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जून ते १५ ऑगस्टदरम्यान देशात अशा २४५ रुग्णांची आणि ८२ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी ६४ जणांत चांदीपुरा विषाणूची खात्री झाली. या आजारात तापापासून झटके आणि बेशुद्धी हा प्रवास एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच होतो. जपानी मेंदूज्वर आणि मेंदूपर्यंत गेलेला हिवताप हेही देशाच्या काही भागांत लक्षात ठेवावे लागतात.

बिहारमधील मुझफ्फरपूर परिसरात उन्हाळ्यात उद्भवणाऱ्या झटक्यांच्या साथीने आणखी एक धडा दिला. तेथील २०१४ च्या साथीचा भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीचे जेवण न झालेल्या मुलांनी लिची खाल्ल्यावर तिच्यातील नैसर्गिक विषद्रव्यांमुळे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरत असल्याचे त्यातून पुढे आले. साखर घसरल्याने येणारे झटके शिरेतून ग्लुकोज दिल्याने आटोक्यात येऊ शकतात, मात्र ते तातडीने द्यावे लागते. झटके आलेल्या मुलाच्या बोटाला टोचून साखर तपासायला मिनिटभरही लागत नाही. ती तपासली का, हे पालकांनी नम्रपणे विचारण्यात काहीच वावगे नाही.

म्हणूनच पहिली आकडी कितीही लवकर थांबली तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. तेथे बरेचदा पालकांची निराशा होते. एवढे भयंकर घडले असताना डॉक्टर ना मेंदूचा स्कॅन सांगतात, ना ईईजी. पण साध्या आकडीत या तपासण्यांतून उपयुक्त असे काही हाती येत नाही, हे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही नमूद केले आहे. डॉक्टरांचा शोध तापाच्या कारणाचा असतो. मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाल्याची शंका असेल, तर ते पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासण्याचा सल्ला देतात. या तपासणीने मूल अधू होते, हा समज दूरवर पसरलेला आहे आणि त्यापायी संमती देण्यात अमूल्य तास वाया जातात.

घरी परतल्यावर पालकांना दोन प्रश्न छळतात. हे पुन्हा होईल का, आणि मुलाच्या बुद्धीवर परिणाम होईल का? पहिल्याचे उत्तर टाळण्याजोगे नाही. सुमारे एकतृतीयांश मुलांना पुढच्या एखाद्या तापात पुन्हा आकडी येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असल्यास ही शक्यता जवळपास निम्मी होते. दुसऱ्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळात जन्मलेल्या हजारो मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत तापातील आकडी आलेली सुमारे १,७०० मुले होती. सात वर्षांची होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. आकडीमुळे एकही मृत्यू झाला नव्हता आणि आकडी न आलेल्या भावंडांच्या तुलनेत त्यांची बुद्धी कमी आढळली नाही. पुढे अपस्मार, म्हणजे मिरगी, जडण्याची शक्यता साध्या आकडीनंतर एक ते दोन टक्के असते. इतर मुलांपेक्षा ती किंचितच अधिक आहे. तरीही ‘फेफरे येणारे मूल’ हा शिक्का कुटुंबात आणि शेजारात फार लवकर बसतो, मुलीच्या बाबतीत तर अधिकच.

तापाचे औषध वेळेवर दिल्याने पुढची आकडी टळते, हा सर्वसाधारण विश्वास अभ्यासांत टिकलेला नाही. फिनलंडमध्ये २३१ मुलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पुढील तापांमध्ये औषधे नेमाने देऊनही आकडीचे प्रमाण घटले नाही. एकाच तापाच्या काळात दुसरी आकडी कमी होत असल्याचा निष्कर्ष नंतर जपानमधील एका अभ्यासाने मांडला, त्यामुळे चर्चा पूर्ण मिटलेली नाही. पॅरासिटामॉल द्यावे ते मुलाला बरे वाटावे म्हणून, वजनानुसार. रात्रभर दर अर्ध्या तासाने तापमापक लावून आईने जागरण केल्याने आकडी रोखली जात नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. जुन्या चिठ्ठीवरून औषध आणताना हे पाहून घ्यावे. आकडी रोखण्यासाठी रोज फेनोबार्बिटाल देण्याची जुनी पद्धतही मागे पडली आहे, कारण त्या औषधाचा मुलांच्या बौद्धिक विकासावर विपरीत परिणाम होत असल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

लसीकरण थांबवण्याचा विचारही अनेक घरांत होतो. काही लसींनंतर ताप येतो आणि प्रवृत्ती असलेल्या मुलाला त्या तापात आकडी येऊ शकते, हे खरे आहे. गोवरप्रतिबंधक लसीनंतर हा ताप साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी येतो. परंतु अशी आकडी इतर तापांतील आकडीसारखीच असते, आणि लस न घेतलेल्या मुलाला होणारा गोवर तिच्याहून कितीतरी घातक ठरतो. पूर्वी आकडी आल्याचे लस देणाऱ्या परिचारिकेला सांगावे, पण ठरलेली लस चुकवू नये.

आकडी पुन्हा येण्याची शक्यता असलेल्या मुलाजवळ दिवसभर आईवडील असतीलच असे नाही. आजी-आजोबा, पाळणाघरातील ताई, बालवाडीतील शिक्षिका यांपैकी कोणाच्याही समोर ती येऊ शकते. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ पाहा, पाच मिनिटांनंतर फवारा द्या आणि १०८ ला कळवा, एवढा मजकूर मुलाच्या वजनासह, फवाऱ्याच्या मात्रेसह आणि डॉक्टरांच्या दूरध्वनी क्रमांकासह एका कागदावर लिहून तो मुलाच्या पिशवीत ठेवण्याचा सल्ला अनेक बालरोगतज्ज्ञ देतात. वजन वाढते, त्याबरोबर मात्रा बदलते आणि फवाऱ्याची मुदतही संपते. म्हणून हा कागद काही महिन्यांनी डॉक्टरांना दाखवून नवा करून घ्यावा लागतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत त्याची गरज उरत नाही.