तेरीज जुळली नाही म्हणून खातेवही बदलू नये

बँकेत तेरीज जुळली नाही, तर आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून चुकलेली नोंद शोधत असू. फरक दिसतो म्हणून कोणी नवी खातेवही आणीत नसे. निवृत्तीनंतर हाच धडा मला मोटारीने पुन्हा दिला.

गेल्या पावसाळ्यात पारनेरहून सुप्याकडे जाताना गाडी दोनदा आपोआप बंद पडली आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजमध्ये स्कॅनर जोडताच ‘यू ०१००’ हा कोड आला. “ईसीएम गेले, बदलावे लागेल, अडतीस हजार,” असा निर्णय मिळाला. ईसीएम म्हणजे इंजिनाचे इंधन व ठिणगी सांभाळणारा छोटा संगणक. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास ही रक्कम लहान नव्हे.

वास्तविक त्या कोडचा अर्थ एवढाच, की गाडीतील इतर संगणकांचा ईसीएमशी संपर्क तुटला. फोन लागला नाही, तर माणूस गेला असे आपण मानीत नाही. तार तुटलेली असू शकते.

गावातील एका अनुभवी वायरमनने आधी बॅटरी मोजली. इंजिन बंद असता १२.६ व्होल्ट, चालू असता १४ च्या आसपास, दोन्ही ठीक. फ्यूजही शाबूत. मग हेडलाइट व पंखा लावून त्याने बॅटरीचे ऋण टोक आणि ईसीएमची अर्थिंग वायर यांतील फरक पाहिला. तो जेमतेम ०.१ व्होल्ट असावा, तो एक व्होल्टहून अधिक निघाला. अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. तो घासून आवळला, कोड पुसला. दिवा आजतागायत लागलेला नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झाले आणि मोटारींतील सेन्सर वाढले. त्यामुळे वाचकांनी हा क्रम ध्यानी ठेवावा : बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, कनेक्टरमधील पाणी व गंज, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. संगणकांना जोडणाऱ्या कॅन वायरींच्या जोडीत, बॅटरी सोडवून मोजता, साधारण ६० ओहम रोध दिसावा. कारण दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोधक समांतर असतात. एवढे तपासूनही दोष न सापडल्यास ईसीएमवर संशय घ्यावा.

मूळ दोष वायरिंगमध्येच राहिला, तर नवे ईसीएमही जळू शकते. शिवाय ते गाडीच्या किल्लीशी जुळवून घ्यावे लागते; एकदा बसविलेला असा भाग दुकानदार सहसा परत घेत नाही.

म्हणून खर्चास संमती देण्यापूर्वी कोड आणि मोजलेले आकडे लेखी मागावेत. व्हाउचरशिवाय आपण रक्कम अदा करीत नाही. येथेही करू नये.