आठ एमएम म्हणजे नेमकं कोणतं?

सकाळी १०. कोल्हापुरातल्या आमच्या परवानाधारक दुकानाचं शटर वर गेलं की आधी रजिस्टर उघडायचं आणि साठा मोजायचा. काडतुसांच्या प्रत्येक जातीचा कप्पा वेगळा. काउंटरवर एका वेळी एकाच जातीचं खोकं निघतं, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. १२ बोअर आणि २० बोअर तर मी शेजारी ठेवतच नाही. २० बोअरचं काडतूस १२च्या नळीत टाकलं तर चेंबरमधून पुढे घसरतं आणि तिथेच रुतून बसतं. मागून पाहणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. तो १२चं काडतूस भरतो, घोडा ओढतो आणि नळी फुटते ती नेमकी पुढच्या हाताजवळ. परदेशी कारखाने २० बोअरची खोळ पिवळी ठेवतात ते याचसाठी.

१०.४५. आजऱ्याकडचे एक शेतकरी आले. पीक संरक्षणाचा परवाना, आजोबांची एकनळी. “मागच्या वेळची काडतुसं बसली की व्यवस्थित,” असं त्यांचं म्हणणं. बसणारच. जुन्या बंदुकांचं चेंबर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजचं काडतूस ७० मिलिमीटरचं. पण हे माप उडाल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या खोळीचं. न उडालेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ते सुखेनैव आत जातं. उडताना ती दुमड उघडायला जागा मिळत नाही, छर्‍यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. मी गेज घातला. ६५च निघालं. दादांना जोखीम समजावली आणि त्यांच्या बंदुकीला चालतील ती आखूड काडतुसं येईपर्यंत थांबायला सांगितलं. नाराज झाले, पण थांबले.

११.३०. आजचं मोठं काम. एक निवृत्त मास्तर वडिलांची जर्मन माउझर घेऊन आलेत. परवान्यावर ‘८ एमएम’, नळीवरची अक्षरं घासून गेलेली. त्यांना ‘८ एमएम’ची काडतुसं हवीत.

आपल्याकडे या नावाखाली बहुतेकदा .३१५ मिळतं. ईशापूरच्या रायफलींचं काडतूस. खडकीचा दारूगोळा कारखाना ते बनवतो. मूळ ऑस्ट्रियाच्या मॅनलिखरचं, खोळ ५० मिलिमीटर लांब आणि बुडाला बाहेर आलेली कड. माउझरची खोळ ५७ मिलिमीटर, कड नसलेली. ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत, एवढं सरांना लगेच पटलं. खरी मेख पुढे आहे. माउझरच्याच घरात दोन भावंडं आहेत. १८८८च्या मूळ काडतुसाची गोळी सुमारे ८.०८ मिलिमीटर जाडीची होती. १९०५मध्ये जर्मन सैन्याने ८.२ मिलिमीटरची टोकदार गोळी घेतली. खोळ जवळपास तशीच राहिली. त्यामुळे नवं काडतूस जुन्या रायफलीत बसू शकतं आणि जाड गोळी अरुंद नळीत कोंबली जाते.

अक्षरं नाहीत, तेव्हा चेंबरचा साचाच काढायचा. नळी स्वच्छ पुसली, पुढे बोळा घातला आणि उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू ओतला. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम यांचा हा धातू पहिल्या अर्ध्या तासात आक्रसतो, म्हणून साचा तेव्हाच अलगद बाहेर ढकलायचा. पुढच्या अर्ध्या तासात तो पुन्हा फुगून चेंबरच्या मापाला येतो. खरं माप तेव्हा मिळतं. घाई करणाऱ्याला खोटं माप मिळतं, हे मी शिकाऊ मुलाला रोज सांगतो. ओतल्याची वेळ कागदावर लिहिली: ११.५२.

१२.१५. मधल्या वेळात रायफल क्लबची एक मुलगी आली. .२२ लाँग रायफल, तीच ५० मीटरची, जिच्यावर याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं. तिला जुन्याच लॉटची काडतुसं हवी होती, कारण तिच्या नळीतून गोळ्यांचा गट त्याच लॉटने घट्ट पडतो. मुलीचं बरोबर आहे. तो लॉट शिल्लक नव्हता. दुसरा गळ्यात मारला नाही.

१२.५२. मायक्रोमीटर लावला. खाचेपासून समोरच्या खाचेपर्यंत ८.०९. पुन्हा मोजलं, तेवढंच. म्हणजे जुनी नळी.

“अहो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा तर फरक!” सर म्हणाले.

“सर, तेवढ्याने दाब कुठल्या कुठे जातो. बोल्ट तुमच्या डोळ्यासमोर असतो.”

‘जेएस’ लिहिलेलं, म्हणजे नव्या जाड गोळीचं काडतूस यात कधीच घालायचं नाही, हे त्यांना लिहून दिलं. साच्याचं माप वहीत उतरवलं आणि घोड्याच्या कडीला चिठ्ठी बांधली. आपल्याकडे मिळणाऱ्या ‘८ एमएम’ काडतुसांनी वडिलांची रायफल उडवता येणार नाही, हे ऐकून ते बराच वेळ बसून राहिले. चहा मागवला.

३ ते ५. परवान्यांवर नोंदी, रजिस्टर, एका .३१५च्या बोल्टची गेजने तपासणी. ठीक निघाली.

६.३०. बंद करताना फोन. “.२२ मॅग्नमच्या रायफलीत साधी .२२ उडवली, खोळ फाटून निघाली. असं का?” कारण मॅग्नमचं चेंबर जास्त रुंद, साधी खोळ त्यात सैल बसते, फाटते आणि वायू मागे डोळ्याकडे येतो. उरलेली काडतुसं बाजूला ठेवा, रायफल रिकामी करून परवान्यासकट घेऊन या, असं सांगितलं. उद्या साडेदहाची वेळ दिली.