सावज, भक्ष्य आणि बळी

इंग्रजी ‘प्रे’ या शब्दास मराठीत प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न घरातील एखाद्या विद्यार्थ्याने केला, तर वडील मंडळींपैकी कोणी ‘भक्ष्य’ म्हणेल, कोणी ‘सावज’, कोणी ‘शिकार’; आणि ज्यांच्या हाती वर्तमानपत्र असेल ते ‘बळी’ म्हणून मोकळे होतील. चौघांचेही बरोबर आहे. परंतु चौघे एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन ‘प्रेडा’, म्हणजे युद्धात मिळालेली लूट. आपल्या शब्दांची कुळे याहून निराळी आहेत.

‘भक्ष्य’ हा शब्द खाणाऱ्याच्या दृष्टीने घडलेला. भक्षण करण्यास योग्य ते भक्ष्य. हरिण हे वाघाचे भक्ष्यच. मग ते वाघाच्या दृष्टीस पडो वा न पडो. सावज मात्र कोणी हेरल्यावाचून होत नाही. दबा धरून बसलेला कोणी असावा लागतो, तेव्हा सावज टप्प्यात येते. ‘शिकार’ हा फारसी पाहुणा. तो कृतीचेही नाव आहे आणि मारलेल्या जनावराचेही. अलीकडे ‘तो अफवेचा शिकार झाला’ असे छापलेले दिसते, ते हिंदीचे उसने आहे. मराठीत शिकार स्त्रीलिंगी, आणि ती ‘होते’ ती जनावराची!

यांपैकी सर्वांत विलक्षण इतिहास सावजाचा. हा शब्द ‘श्वापद’ या संस्कृत शब्दापासून आला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. श्वापद म्हणजे कुत्र्यासारखे पाय असणारा, अर्थात हिंस्र पशू. म्हणजे जो मूळचा मारणारा, तो मराठीत येऊन मरणारा झाला! गुजरातीने मात्र जुना अर्थ सोडला नाही; तिकडे सावज म्हणजे सिंह. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत मराठी व गुजराती कुटुंबे एका जिन्यावर नांदत असतील, तेथे हा शब्द एका दारात वनराज आणि समोरच्या दारात त्याचा घास ठरेल. त्याच वसईने २०२४ साली या अर्थांतराचे उदाहरणही पाहिले. मार्चअखेरीस किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसू लागला. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेला हाच तो किल्ला. वनखात्याने सापळे लावले, आणि एप्रिलमध्ये बिबट्या पिंजऱ्यात सापडला. तितके दिवस तेथे श्वापद कोण आणि सावज कोण, हे व्याकरणाने सांगणे कठीण होते.

‘बळी’ची गोष्ट याहून गंभीर आहे. ज्या घरांत वैश्वदेव चालत असे, तेथील वृद्धांस बलिहरण स्मरत असेल. काकबळीही सर्वांस ठाऊक आहे. बली म्हणजे देवतांकरिता, भूतमात्राकरिता बाजूस काढलेला अन्नाचा भाग. (‘बळी तो कान पिळी’ यातील बळी निराळा, तो बलवान.) त्या पवित्र भागाचा पुढे यज्ञपशू झाला, मग अपघातात मेलेला मनुष्य झाला, आणि क्रिकेटमध्ये तर गोलंदाज दुपारपर्यंत पाच बळी घेतो! त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती ‘बळी पडणे’ या प्रयोगास.

‘निवृत्त गृहस्थ भूलथापांना बळी पडले’, हे वाक्य पाहावे. कर्ता कोण? गृहस्थ. क्रिया कोणती? पडणे, जणू पायरीवर तोल गेला. ज्याने थाप मारली तो वाक्यात कोठेच नाही. आता ‘भामट्यांनी त्यांस हेरले आणि लुटले’ असे लिहून पाहावे. हकीकत तीच, परंतु दोष जेथला तेथे जातो. आजकाल पोलीस वा न्यायाधीश असल्याचे सोंग करून दूरध्वनीवर वृद्धांस तासन्‌तास कोंडून ठेवणारे निघाले आहेत. त्यास ते ‘डिजिटल अटक’ म्हणतात. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये स्पष्ट सांगितले होते. तरीही अशा प्रसंगी कित्येक घरांत पैशापेक्षा लाजच अधिक जाते. ‘मी बळी पडलो’ हे मुलासुनांपुढे उच्चारणे आजोबांस जड होते, आणि ते गप्प राहतात. ‘मला लुटले’ हे सांगणे त्या मानाने सोपे. आणि सांगणे तर तातडीचे असते. कारण १९३० या क्रमांकावर वेळीच कळविले तर पैसे पुढे जाण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव असतो.

पोलिसांच्या कागदांत त्याच गृहस्थांस कोणी सावज म्हणत नाही, बळीही नाही. तेथे त्यांच्या नावापुढे ‘फिर्यादी’ असे लिहितात.