तळाच्या जाळीचा कायदा

पोहण्याच्या तलावातला धोका म्हटलं की खोली आठवते. तळाच्या जाळीकडे कोणी पाहत नाही. पंप त्या जाळीतून पाणी ओढतो आणि अंगाने ती झाकली गेली की तिथे निर्वात पोकळी तयार होते. जाळी 20 सेंटिमीटर व्यासाची आणि दाबातला फरक वातावरणाच्या निम्मा असला, तरी ओढ दीडशे किलोवर जाते. 2002 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात सात वर्षांची ग्रॅमी बेकर हॉट टबमध्ये अशीच अडकून बुडाली. तिच्या आईच्या पाठपुराव्यातून तिच्याच नावाचा केंद्रीय कायदा 2007 मध्ये झाला. (आजोबा जेम्स बेकर माजी परराष्ट्रमंत्री होते, हेही उपयोगी पडलं असणार.)

आईबापांनी लक्ष ठेवावं, त्याला कायदा कशाला, असा आक्षेप असतो. पण ग्रॅमीची आई तिथेच होती, तिला ओढत होती. अखेर दोन पुरुषांनी जोर लावला तेव्हा जाळीवरचं झाकण तुटलं आणि ती सुटली. देखरेख हवीच, पण दीडशे किलोंपुढे ती हतबल ठरते. म्हणून कायदा यंत्रालाच बांधतो: सार्वजनिक तलावांना प्रमाणित झाकण सक्तीचं, आणि झाकली जाऊ शकेल अशी एकच जाळी असेल तर पंप आपोआप बंद करण्यासारखी दुसरी सोयही. या सोयींना खर्च येतो ही तक्रार खरी आहे. तरी त्यासाठी कायदा नको, हे मला पटत नाही. झाकण तुटकं किंवा सैल दिसलं, तर त्या पाण्यात मुलांना उतरवू नका.