वर्णमालेच्या वाटेने जपान

शहापूर-मुरबाड रस्त्यावर, भातसेच्या काठी सापगाव आहे. तिथल्या पहिलीतल्या पोराला वर्णमालेतली नऊच अक्षरं ओळीने म्हणायला सांगा: क, च, त, न, प, म, य, र, व. मग टोकियोतल्या त्याच वयाच्या पोराला त्याची अक्षरं म्हणायला सांगा. ते आधी स्वर म्हणेल, आ, इ, उ, ए, ओ. आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘च’च्या जागी ‘स’ आणि ‘प’च्या जागी ‘ह’ आलाय, बाकी क्रम जसाच्या तसा. हे दोन फरकही मागाहूनचे. आजचा जपानी ‘ह’ प्राचीन काळी ‘प’ होता आणि ‘स’चा उच्चार ‘च’-‘त्स’च्या आसपास होता, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

हा योगायोग नव्हे. इ.स. 804 मध्ये कूकाई नावाचा जपानी भिक्षू समुद्र ओलांडून चीनला गेला. तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे त्याने संस्कृतचे धडे घेतले, सिद्धम् लिपी आत्मसात केली आणि 806 मध्ये ग्रंथांच्या गाठोड्यासह तो परतला. सिद्धम् ही ब्राह्मीच्याच वंशातली, म्हणजे देवनागरीच्या नात्यातली. जपानी मठांतून तिचा अभ्यास पिढ्यानपिढ्या चालला आणि कंठापासून ओठांपर्यंत जाणारी आपली उच्चारांची मांडणी तिथल्या पंडितांनी आपल्या अक्षरांना लावली. अकराव्या शतकाच्या सुमारास ती जपानी हस्तलिखितांत दिसू लागते. जपानी थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरं आजही लिहिली जातात.

कूकाईने आणलेल्या ग्रंथांत अमोघवज्र या भिक्षूच्या नावावरचा नक्षत्रांचा आणि ग्रहांचा एक ग्रंथ होता. त्यात वार होते. म्हणून जपानी आठवडाही सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी असाच चालतो. याच कूकाईने 816 पासून कोया पर्वतावर मठ उभारला. तिथल्या कोयासान विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. महाराष्ट्रातून सेमिस्टरसाठी जपानला गेलेल्या विद्यार्थ्याने सुट्टीत कुठे जावं, या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

लिपीची मांडणी भिक्षूंनी नेली, हे समजण्यासारखं आहे. खरी कमाल व्याकरणात आहे, कारण ते कुणी नेलेलं नाही. मराठी आणि जपानी वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या. तरी ‘मी शहापूरला भात खाल्ला’ हे वाक्य जपानीत करताना शब्दांचा क्रम बदलावाच लागत नाही. क्रियापद शेवटी येतं. आपले ‘ला’, ‘चा’, ‘हून’ जसे नामाला मागून चिकटतात, तसेच त्यांचेही प्रत्यय मागूनच येतात. इंग्रजी शिकताना हीच उतरंड उलटी रचावी लागते आणि आपली निम्मी शक्ती तिथेच खर्ची पडते.

याहून बारीक गंमत जोडक्रियापदांत आहे. आपण ‘खाऊन बघ’ म्हणतो. खाताना डोळ्यांचा काय संबंध? पण जपानी माणूसही ‘ताबेते मिरु’ म्हणतो: ‘ताबेते’ म्हणजे खाऊन आणि ‘मिरु’ म्हणजे बघणं. ‘करून ठेवणं’ याला ते ‘शिते ओकु’ म्हणतात, आणि ‘ओकु’चा मूळ अर्थ ठेवणं हाच. ‘घेऊन येणं’ आणि ‘घेऊन जाणं’ या जोड्याही जशाच्या तशा आहेत. आपण मार खातो, तसा जपानी मुष्टियोद्धाही ठोसा खातो. टोकियोजवळ ताचिकावा इथे जपानी भाषा आणि भाषाविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे प्राध्यापक म्हणून काम केलेले मराठी भाषाशास्त्रज्ञ प्रशांत परदेशी यांनी मराठी आणि जपानी शेजारी ठेवून बराच अभ्यास केला आहे. आशियातल्या भाषा ‘खाणे’ हे क्रियापद कशाकशासाठी वापरतात, यावरचा त्यांचा आणि पीटर हूक आदी सहकाऱ्यांचा निबंध 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

मग जपानी सोपी आहे का? मुळीच नाही. हिरागाना या लिपीची 46 मूळ अक्षरं नेटाने गिरवली तर थोड्या दिवसांत येतात. परकी नावं लिहायला काताकाना ही वेगळी लिपी आहे, आणि तिथे आपली गावं ओळखू येईनाशी होतात. जपानीत ‘न्’ सोडला तर व्यंजनाला स्वराचा आधार लागतोच. त्यामुळे शहापूरचं ‘शा-हा-पु-रु’ होतं, सापगावचं ‘सा-पु-गा-ओ’ होतं आणि मुरबाडचं तर ‘मु-रु-बा-दो’. ‘ड’ नाही म्हणून ‘द’ आला. ‘द’ला ‘उ’ लावला तर जपानी तोंडात तो ‘झु’सारखा होतो, म्हणून ‘ओ’ लावला.

खरा घाट चढायचा तो कांजीचा, म्हणजे चिनी चित्राक्षरांचा. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत ती 2,136 आहेत आणि बहुतेकांना एकाहून अधिक उच्चार आहेत. रविवार तीन अक्षरांत लिहितात. त्यातलं पहिलं आणि तिसरं अक्षर एकच, पण पहिल्याचा उच्चार ‘निचि’ आणि तिसऱ्याचा ‘बी’: ‘निचियोबी’. इथे वर्णमाला कामाला येत नाही. रोज लिहून हात बसवावा लागतो.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या वर्गात शिकता येतं, तर सेमिस्टरभर तिकडे कशाला जायचं? कारण जपानीचा एक मोठा भाग पुस्तकाबाहेर राहतो, तो म्हणजे अदब. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे. ‘तो आला’ आणि ‘ते आले’ आहे. जपानीत क्रियापदच बदलतं. मित्र ‘कुरु’, येतो. प्राध्यापक ‘इराश्शारु’, येतात. स्वतःच्या खाण्याला एक क्रियापद, पाहुण्यांच्या खाण्याला दुसरं. चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात डबा घेतला की गल्ल्यावरची मुलगी ‘गरम करून देऊ का?’ हे इतक्या अदबीने आणि इतक्या भरभर विचारते की वर्गातला हुशार विद्यार्थीही पहिल्यांदा नुसती मान हलवतो. चार-सहा महिने रोज हे कानावर पडलं की जीभ आपोआप वळते.

अनेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांची शरद ऋतूतली सत्रं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. गेल्यावर आधी पातळी ठरवणारी चाचणी होते आणि तिच्यानुसार वर्ग मिळतो. राहायची जागा ठरली की 14 दिवसांत स्थानिक पालिका कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि आरोग्य विमा घ्यावा लागतो. परवाना काढला तर सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं. कुठला कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, हेही शिकावं लागतं. तिकडच्या शाळांत मुलंच वर्ग झाडतात याचं शहरी पाहुण्यांना नवल वाटतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्याला वाटणार नाही.

खर्चाची वाटही आहे. आपल्या कॉलेजचा जपानी विद्यापीठाशी करार असेल तर बहुधा फी इथलीच भरावी लागते. जपानीत पदवी करणाऱ्यांसाठी जपान सरकारची भाषा आणि संस्कृतीच्या अभ्यासाची शिष्यवृत्ती आहे. ती साधारण वर्षभराची असते आणि तिच्यात विमानभाडं, फी आणि महिन्याला 1,17,000 येनच्या आसपास रक्कम मिळते. या वाटेने किती लांब जाता येतं, हे योगेंद्र पुराणिक यांच्याकडे पाहून कळतं. विद्यार्थिदशेत जपान पाहिलेला हा मराठी माणूस 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा भागातून नगरसेवक म्हणून निवडून आला आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला.

सापगावातून आसनगाव स्टेशन जवळ आहे आणि तिथून मुंबईची लोकल मिळते. जपानीची सगळ्यात सोपी, एन-5 ही परीक्षा मुंबईत आणि पुण्यात देता येते. तेव्हा ‘इंग्रजीच कच्चं आहे, जपानी कसली शिकतोस’ असं घरातल्या पोराला म्हणू नका. इंग्रजीत अडलेलं पोर जपानीतही अडेलच असं नाही. मराठीत विचार करायची सवय इथे अडचण होत नाही, भांडवल होते. आधी हिरागाना गिरवायला द्या.